निळे ठिपके आणि पिशवीबाई

पिशवीबाईचा धंदा दोन गोष्टींवर चालायचा. एक तिचे गुडघे, दुसरं तिचं तोंड. गुडघे चालत होते म्हणून, आणि तोंड चालत नव्हतं म्हणून.

वाचनालयाची पुस्तकं घरोघर पोचवायचं तिचं काम. बावीस वर्षं झाली होती. जाड खाकी कापडाच्या दोन पिशव्या, एका खांद्यावर एक. अशी तोल सांभाळत ती रस्त्याला लागली की लांबून वाटायचं, तराजूच चालत येतोय. आठवड्याचे सहा दिवस, सहा रस्ते. जुनं पुस्तक घ्यायचं, नवं द्यायचं, आणि दारातल्या दारात एकच प्रश्न विचारायचा, "कसं वाटलं?"

बाई गावाकडची. चौथीपर्यंत शाळा झालेली, पुढं शेळ्या. लग्न झालं ते या वाचनालयाच्या शिपायाशी. तो चाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेला. तेराव्या दिवसाची भांडी अजून ओली होती तेव्हा वाचनालयाचे म्हातारे मालक आले. म्हणाले, "रडून झालं असेल तर उद्यापासून ये." आली. रडून झालेलं नव्हतं, पण ते काही मालकांच्या वहीत लिहायला रकाना नव्हता.

आता गंमत अशी की बाई स्वतः पुस्तक वाचत नव्हती. वाचता येत होतं. पुस्तकाचं नाव, नंबर, दारावरच्या पाट्या, सगळं नीट वाचायची. पण आत शिरायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ओझं वाहणाऱ्यानं आत काय आहे ते बघू नये. ओझं जड होतं."

मग लोकांना पुस्तक सुचवायची कशी? तर उसनवारीनं. पहिल्या घरी जे ऐकलं ते दुसऱ्या घरी. "एक बाई म्हणाल्या, शेवट रडवतो." "एक गृहस्थ म्हणाले, मधली शंभर पानं सोडा." कोण बाई, कुठले गृहस्थ, ते मात्र देवानं येऊन विचारलं तरी सांगायची नाही. एका घराचं नाव दुसऱ्या घरात काढायचं नाही, हा तिचा कायदा. माणूस काय वाचतो ते कळलं की त्याला झोप का लागत नाही तेही कळतं, असं तिचं म्हणणं. आणि हे एकदा बाहेर पडलं की दारं बंद.

तर या सरळ चाललेल्या गाड्यात घोडं घुसलं ते एका कादंबरीतून.

कादंबरी परक्या मुलखातली, आपल्या भाषेत आणलेली. दीडशे वर्षांपूर्वीचा पश्चिमेकडचा माळ. तिथं एक तरणी विधवा घोड्यांचा तांडा सांभाळून राहते. दिराचा तिच्या जमिनीवर डोळा. एक दिवस खांद्यात गोळी घेऊन एक भटका स्वार तिच्या दाराशी येऊन कोसळतो. पुढं दोघं मिळून घोडे विकायला अकरा दिवसांचा कोरडा माळ तुडवत जातात, आणि वाटेत जे व्हायचं ते होतं. मुखपृष्ठावर लाल टेकडी, त्यावर घोडा, घोड्यावर तो, आणि त्याच्या पुढ्यात ती, अशी बसलेली की शेजारच्या पुस्तकानं लाजावं.

पुस्तक वाचनालयात नवंकोरं आलं आणि दोन महिन्यांत चार घरं फिरलं. चार घरं, चार तऱ्हा.

पहिलं घर शिवणवालीचं. ती मशिनवरून न उठता म्हणाली, "मावशी, त्या बाईच्या झग्याला पाठीमागं बावीस हूक आहेत. लेखकानंच मोजून सांगितलेत. अन् हा बाबा ते एका वाक्यात काढतो. एका वाक्यात! मला दिवसाला चार झग्यांचे हूक लावावे लागतात, मला विचार म्हणावं." पुस्तक आवडलं की नाही, विचारलं तर म्हणाली, "दोनदा वाचलं."

दुसरं घर नर्सबाईचं. ती म्हणाली, "गोळी लागलेला माणूस तिसऱ्या दिवशी घोड्यावर? अहो, तिसऱ्या दिवशी तो संडासाला बसत नाही धड. थापा आहेत नुसत्या." मग दार लावता लावता, "पण माणूस गोड दाखवलाय हो. असा एक तरी पेशंट यावा."

तिसरं घर नालवाल्या आजोबांचं. पोलिसांच्या तबेल्यात तीस वर्षं घोड्यांना नाल ठोकले त्यांनी. वर्गणी मात्र आजीच्या नावावर. आजोबा दारात उभे राहून घसा खाकरत म्हणायचे, "घरातली म्हणते, बरं आहे." दर वेळी हेच. बावीस वर्षांत आजोबांनी स्वतःचं म्हणून एक मत दिलं नव्हतं.

आणि चौथं घर हेडमास्तरांचं. हेडमास्तर निवृत्त. मुलगा लांबच्या कारखान्यात, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. घरात मास्तर आणि सून. पुस्तकं वाचायची ती सून. एरवी "कसं वाटलं?" म्हटलं की पाच मिनिटं बोलायची. या पुस्तकाला मात्र तिनं दोन शब्दांत वाटेला लावलं. "बरं होतं." आणि पुस्तक परत दिलंच नाही. "मामंजींकडं आहे," म्हणाली आणि आत गेली.

पिशवीबाईला ते खटकलं. मास्तर कादंबरीला शिवत नाहीत. त्यांच्या मते कादंबरी म्हणजे शाईनं केलेली चहाडी.

दोन दिवसांनी मालकांनी तिला बोलावलं. मालक म्हणजे म्हाताऱ्या मालकांचा मुलगा. पिशवीबाईच्या डोळ्यांसमोर चड्डीतून पँटमध्ये आलेला, पण खुर्चीत बसला की खुर्चीसारखाच बोलायचा.

"मावशी, हेडमास्तरांची तक्रार आलीय. लेखी."

"कशाची?"

"तुमच्या पिशवीतून चिठ्ठ्या फिरतात म्हणे."

पिशवीबाईनं दोन्ही पिशव्या टेबलावर उलट्या केल्या. पुस्तकं धबाधबा पडली. "शोधा."

"अशा चिठ्ठ्या नाहीत हो. पुस्तकात खुणा आहेत. निळ्या पेन्सिलीचे ठिपके, ओळीच्या कडेला. मास्तरांचं म्हणणं असं की कुणीतरी पुरुष खुणा करतो, पुस्तक तुम्ही पोचवता, आणि त्यांची सून त्या वाचते. तुम्हाला ठाऊक आहे असंही त्यांनी लिहिलंय."

"मला ठाऊक?"

"मी नाही म्हणत. ते म्हणतात." मालकांनी कागद सरळ केला. "हे बघा, घरपोच फेरी तशीही मला झेपत नाहीये. वडिलांची होती म्हणून ठेवली. त्यात हे असलं काही गावभर झालं तर वाचनालयाचं दार लावावं लागेल. महिनाअखेरीपर्यंत मास्तरांकडून चिठ्ठी आणा, तक्रार मागं घेतली म्हणून. नाही आली तर एक तारखेपासून फेरी बंद. तुम्ही घरी बसा."

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला घरी बसा म्हणणं सोपं असतं. बसायचं कशाच्या जोरावर, ते कुणी सांगत नाही.

ती तशीच हेडमास्तरांकडं गेली. मास्तरांनी तिला बसा म्हटलं नाही. टेबलावर ती कादंबरी होती, आत कागदाच्या पट्ट्या घातलेल्या, परीक्षेच्या पेपरांत घालतात तशा.

"बघा." त्यांनी एक पान उघडलं. "‘सूर्य कलला तेव्हा ती दोघं ओढ्याशी उतरली.’ ठिपका. हे बघा, ‘झऱ्याजवळ ती त्याची वाट बघत थांबली.’ ठिपका. ‘संध्याकाळी तळ्यावर त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.’ ठिपका. प्रत्येक खूण पाण्याकाठची. प्रत्येक वेळ संध्याकाळची. आणि आमच्या सूनबाई रोज संध्याकाळी कुठं जातात? तळ्याच्या कडेनं फिरायला. पाठ दुखते म्हणून. पाठ!"

आत स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो मध्येच बारीक झाला.

"मास्तर, पुस्तक तीन घरं फिरून तुमच्याकडं आलंय. कुणी काय रेघोट्या मारल्या..."

"कुठली तीन घरं? नावं सांगा."

पिशवीबाईनं खांद्यावरच्या पिशव्या सारख्या केल्या.

"बघा. नाव नाही सांगत. याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं?"

"मास्तर, उद्या दुसऱ्या घरी कुणी मला विचारलं, हेडमास्तरांच्या घरात काय वाचतात, तर सांगू?"

मास्तर जरा अडखळले. पण अडखळून थांबेल तो हेडमास्तर कसला. "खूण करणारा आणून उभा करा, नाहीतर मी चिठ्ठी देणार नाही. पुस्तक न्या. खुणा मी उतरवून घेतल्यात. एक जरी पुसली गेली तरी मला कळेल."

रस्त्यानं जाताना पिशवीबाईला पहिल्यांदाच पिशव्या जड वाटल्या. बावीस वर्षं तिनं कुणावर संशय घेतला नव्हता, कारण गरजच पडली नव्हती. आता प्रत्येक मताला शेपूट दिसायला लागलं. शिवणवाली दोनदा वाचलं म्हणाली, ते का? नर्सबाईला गोड माणूस हवा होता, तो कशाला? आणि हुकांची चेष्टा करणारीच्या मशिनजवळ निळी पेन्सिल असते, हे तिनं शंभरदा पाहिलेलं होतं.

शिवणवालीच्या दारात ती नेहमीसारखी उभी राहिली नाही. आत गेली. पुस्तक उघडून पुढ्यात धरलं.

"हे तुझं?"

शिवणवालीनं मशिन थांबवलं. ठिपका बघितला, मग पिशवीबाईकडं बघितलं. "मावशी, तुम्ही माझ्यावर आळ घेताय?"

"विचारतेय."

"विचारायची ही तऱ्हा नाही. मी कापडावर खुणा करते, पुस्तकावर नाही. अन् डोळे असतील तर बघा." तिनं आपली पेन्सिल कागदावर टेकवली. बारीक गोल टिंब उमटलं. "माझं टोक हे असं. तुमचं हे बघा, लांबट आहे, गव्हाच्या दाण्यासारखं. ही चपटी पेन्सिल आहे, सुतारकामाची. चाकूनं तासलेली." मशिन पुन्हा सुरू झालं. "अन् पुढच्या आठवड्यात मला पुस्तक नको. वेळ नाही."

एक दार गेलं. बाईनं ते मनात लिहून ठेवलं.

नर्सबाईनं तर पुस्तक हातातही घेतलं नाही. "मला दिवसभर दुसऱ्यांचे कागद भरायचे असतात, तुमच्यात कुठं लिहू? आणि काय हो, कुणाकडून आलं हे? कुणाचं लफडं आहे?" तिचे डोळे चमकले. पिशवीबाई पिशव्या सावरून जिना उतरली. लफडं हा शब्द जिन्यात उतरला की तो तिच्याआधी खाली पोचतो, हे तिला माहीत होतं.

उरले नालवाले आजोबा. तिथं जायची गरजही नव्हती, कारण ते तर वाचतच नाहीत, आणि आजी तीन वर्षांपासून अंथरुणाला. पण आजोबांनी दार उघडलं आणि पिशवीबाईला त्यांच्या कानावर खोचलेली निळी चपटी पेन्सिल दिसली.

"आजी बऱ्या आहेत?"

"बरी आहे. म्हणते, पुस्तक बरं..."

"आजींना आत्ता दिसतं का हो आजोबा?"

आजोबा खाकरले. आतून आजीचा आवाज आला, खणखणीत. "नाही दिसत! दोन वर्षं झाली. आत ये गं बाई, त्यांना दारात फार वेळ खोटं बोलवत नाही."

पिशवीबाई आत गेली. खाटेवर आजी, शेजारी स्टूल, स्टुलावर चष्मा. पुस्तक बघून आजोबांचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांना आंघोळ करताना पाहिलंय.

"हेच वाचून दाखवतात मला," आजी म्हणाली. "रोज दुपारी. मधलं मधलं गाळतात. मला वाटतं आता ती दोघं जवळ आली, तेवढ्यात घोडा एकदम दुसऱ्या गावाला पोचलेला. मी काय खुळी आहे? सहा लेकरं झालीत मला."

"तू गप गं."

"आणि हे ठिपके?" पिशवीबाईनं विचारलं.

आजोबा चष्मा उचलून स्टुलावर बसले. चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि मग जे सुटले ते थांबेनात. "बाई, ते घोडं अकरा दिवस चालतं. उन्हात. पाठीवर दोन माणसं, त्यातली एक धड बसलेली नाही. घोड्याला दिवसाला किती पाणी लागतं, ठाऊक आहे? तीन बादल्या नुसत्या सावलीत. मी म्हटलं बघू या, हा लेखक त्याला पाजतो तरी कुठं. जिथं पाणी आलं तिथं ठिपका केला. अकरा दिवसांत घोडं प्यायलं किती वेळा? तीन वेळा! एका ठिकाणी पाणी खारं आहे म्हणून पीत नाही, तिथं ठिपक्यावर फुली मारलीय. बाकीच्या दोन ठिकाणी ही दोघं पाण्याशी बसून गुलूगुलू बोलतात अन् घोडं बिचारं झाडाला बांधलेलं. या लेखकानं घोडं बघितलंय, पण पाजलेलं नाही."

"म्हणजे पुस्तक वाईट?"

"तसं कोण म्हणतंय?" आजोबा चिडले. "ती बाई चांगली आहे. नाल कसा बसला ते स्वतः पाय उचलून बघते. अशी बाई मी तीस वर्षांत बघितली नाही."

"ऐकलंस?" आजी म्हणाली.

पिशवीबाईनं सगळी हकीकत सांगितली. कुणाचं घर ते सांगितलं नाही. पण तक्रार कागदावर करणारा गावात दुसरा कोण असणार? आजोबांनी ओळखलंच.

"हेडमास्तर? बाई, माझं नाव घेऊ नका. रोज सकाळी न्हाव्याच्या दुकानात आम्ही एका बाकावर बसून पेपर वाचतो. मीच तिथं म्हटलं होतं, प्रेमाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या पुरुषाला बांगड्या भरा. चारचौघांत म्हटलंय. मास्तर तर टाळी देऊन हसले होते."

"आजोबा, तिथं एका पोरीवर बालंट आलंय. माझी फेरी जातेय."

आजोबांनी मान खाली घातली. वर केली नाही. आजी म्हणाली, "घे नाव. मी सांगते, घे." पण वर्गणी जरी आजीच्या नावावर असली तरी लाज आजोबांच्या नावावर होती. आणि पिशवीबाईचा कायदा अजून तिच्या स्वतःच्याच नावावर होता. शिवणवालीचं दार गेलेलं, नर्सबाईचे कान टवकारलेले. आज एक नाव काढलं तर चिठ्ठी मिळेल, फेरीही राहील. पण फेरीतली घरं राहणार नाहीत.

ती पुस्तक घेऊन घरी आली. चूल उरकली, दिव्याखाली बसली आणि पहिलं पान उघडलं.

चार दिवस लागले. बोट ठेवून वाचायची, ओठ हलवत. सुरुवातीला तिला त्या विधवेचा भयंकर संशय आला. नवरा जाऊन वर्ष नाही झालं, आणि अनोळखी पुरुषाला घरात घेते? हिचं काही खरं नाही. मग दिराचा आला. मग त्या स्वाराचा, की याला गोळी नक्की कुणी मारली, कारण तो दोघांना दोन गोष्टी सांगतो. तिसऱ्या दिवशी ते बावीस हूक आले तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की शिवणवालीनं सगळं वाचलंय. नर्सबाईनं मात्र गोळी लागल्यावर वाचणं सोडलेलं असणार, कारण त्या गोड माणसानं पुढं काय काय केलंय ते कळलं असतं तर तिनं त्याला वॉर्डातून हाकलून दिलं असतं. म्हणजे बावीस वर्षं आपण दारोदार जी मतं पोचवली, त्यातली किती अशी होती? हा विचार तिला आवडला नाही. तिनं तो बाजूला ठेवला आणि ठिपके पाठ केले.

शुक्रवारी ती हेडमास्तरांकडं गेली. या खेपेला न सांगता खुर्चीवर बसली.

"मास्तर, खुणा माझ्या आहेत."

मास्तर हसले. त्यांचं हसू शाळेतल्या घंटेसारखं, बाकीच्यांना गप्प करायला वाजायचं. "तुम्ही वाचत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला बरंच काही माहीत असतं. विचारा."

मास्तरांनी आपला कागद काढला, चष्मा चढवला. "पान एकशे बारा."

"ओढा. घोडं पाणी पितं. पहिल्यांदा."

"एकशे एकोणचाळीस."

"झरा. ती वाट बघत थांबते. तो घोड्याला घेऊन खाली गेलाय, पाजायला. दुसऱ्यांदा."

"एकशे साठ. इथं ठिपका आणि फुली."

"खारं पाणी. घोडं तोंड लावतं, पीत नाही."

"एकशे ब्याऐंशी. ‘संध्याकाळी तळ्यावर त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.’"

"घोडं होतं ना. झाडाला बांधलेलं. दोन पावलांवर पाणी, पण सोडत नाहीत त्याला. तिथं मला लेखकाचा राग आला. दोनशे सातलाही तेच. अन् दोनशे एकतीसला पितं. अकरा दिवसांत तीन वेळा फक्त. मास्तर, माझ्या बापाकडं तट्टू होतं. तुम्ही त्या ओळी वाचल्यात. आता अलीकडची-पलीकडची वाचा. माणसं बाजूला करा अन् घोडं बघा."

मास्तरांनी पुस्तक ओढून घेतलं. एकशे बारा. ओठ हलले. एकशे एकोणचाळीस. पुढचं, त्याच्या पुढचं. वाचता वाचता एका ठिकाणी त्यांनी नको तेवढा वेळ लावला, मग दचकून पान उलटलं. आत भांडी घासणं चालू होतं, पण पाणी बारीक धारेनं. ऐकणाऱ्या माणसाचं पाणी.

"वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करता? तुम्ही?"

"चुकलं."

"आणि त्या दिवशी बोलला नाहीत ते?"

"बोलले असते तर मालकांनी त्याच दिवशी काढलं असतं. आज बोलतेय, तेही काढतील या भीतीनंच बोलतेय."

हे मात्र मास्तरांना पटलं. दुसऱ्याची भीती त्यांना लगेच समजायची. त्यांनी टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं, ठक्कन पुढं ठेवलं. "पुसा. एकूण एक. माझ्यासमोर. मग चिठ्ठी."

पिशवीबाईनं खुर्ची खिडकीशी ओढली. दुपार कलत होती, ऊन आडवं येत होतं. ती एक एक पान काढून पुसायला लागली. एकशे बारा. एकशे एकोणचाळीस. आजोबांची फुली पुसायला वेळ लागला, म्हाताऱ्यानं रागानं दाबून मारली होती. दोनशे एकतीस झालं तसं मास्तर म्हणाले, "पुढची पानंही चाळा. मला नंतर सापडायला नको."

ती चाळत गेली. दोनशे चव्वेचाळीस पान आलं. निळं काही नव्हतं. पण आडव्या उन्हात एका ओळीखाली चरी दिसली. नखानं ओढलेली. दिव्याखाली तिला ही दिसली नव्हती. नख आजोबांचं नव्हतं, त्यांच्या नखांनी कागद फाटला असता. तिनं ओळ वाचली. परतल्यावर दिरानं तिला आपल्या घरात आणून ठेवलेलं, तिथून ती बाई निघते, तिथली.

‘सामान तिनं बांधलं नाही. सामान बांधलं की लोक विचारतात.’

आत नळ बंद झाला.

पिशवीबाईनं मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती, हात ओले. ती पिशवीबाईकडं बघत नव्हती. पुस्तकाकडं बघत होती, कितवं पान उघडलंय ते.

"काय झालं?" मास्तर म्हणाले. "थांबलात का?"

"ठिपकाच आहे. पुसला."

"कुठलं पान? माझ्या कागदावर दोनशे एकतीसच्या पुढं काही नाही." त्यांनी हात पुढं केला. "आणा इकडं."

तिनं ओळीवर अंगठा दाबून फिरवला, कागद सपाट केला आणि पुस्तक दिलं. मास्तरांनी पान डोळ्यांजवळ नेलं, समोरून बघितलं, चष्मा काढून बघितलं. निळं शोधत होते, निळं नव्हतं. खिडकीकडं त्यांची पाठ होती.

"इथं कुठं पाणी आहे? इथं तर ती घरातून निघतेय."

"निघताना घोडं पाजते ना. एक ओळ वर बघा."

मास्तरांनी वर बघितलं. एक ओळ वर खरंच बादली होती. नशीब पिशवीबाईचं, की ती बाई घोडं न पाजता निघणारी नव्हती. मास्तर हुंकारले, कागदावर पानाचा नंबर लिहिला, स्वतःच खोडला आणि चिठ्ठी लिहायला बसले. चिठ्ठीत त्यांनी ‘तक्रार मागे घेत आहे’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढून, ‘तथापि यापुढे सदर घरी येणारे प्रत्येक पुस्तक प्रथम मी तपासीन’ असंही लिहिलं.

पिशवीबाईनं चिठ्ठीची घडी केली, कमरेला खोचली, पिशव्या उचलल्या. दार उघडायला सून आली. मास्तर आत खण लावत होते.

"मावशी, मागच्या आठवड्याचं ते दुसरं पुस्तक अजून व्हायचंय," सून म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी दिलं तर चालेल?"

पिशवीबाईनं तिच्या पायांकडं बघितलं. घरात होती, पण पायांत बाहेरच्या चपला होत्या.

"तुम्ही असाल ना शुक्रवारी?"

सुनेनं ओले हात पदराला पुसले, आधी एक, मग दुसरा.

"असेन की."

पिशवीबाईला ते खरं वाटलं नाही. "मग ठेवा," ती म्हणाली, आणि एकेक पायरी धरून जिना उतरायला लागली.